वाघ ह्यांचा, मुंगी माझी

वाघाचा फोटो काढून आलेल्या माणसाला लोक विचारतात, "भीती नाही वाटली?" किड्याचा फोटो काढून आलेल्याला विचारतात, "किळस नाही वाटली?" दोघांची समाजातली पत या एका प्रश्नात ठरून जाते. आमच्याकडे हे दोघं एकाच छपराखाली नांदतात. नवरा वाघवाला, मी किडेवाली.

वाघवाल्यांचा छंद महाग असतो आणि महाग दिसतोही. ताडोब्याचं कित्येक महिने आधी केलेलं बुकिंग, जिप्सी, गाइड, अंगावर पाचोळ्याच्या रंगाचे कपडे आणि हातभर लांब लेन्स. एवढं करून वाघ दिसला, तर तो फ्रेम होऊन दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लागतो. दिसला नाही, तर "पगमार्क मात्र अगदी ताजे होते" हे वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकावं लागतं. किड्यांना ती भिंत मिळत नाही. गांधीलमाशीचा अगदी समोरून घेतलेला चेहरा मी एकदा तिथे सुचवून पाहिला होता. "लोक तिथे बसून पोहे खातात," एवढंच सासूबाई म्हणाल्या. वाघ तरी कुठे पोहे खातो, हे मी मनात म्हटलं.

हिशेब मांडला तर तो माझ्या बाजूने आहे. २०२२ सालच्या गणनेत भारतातल्या वाघांचा सरासरी अंदाज ३,६८२ निघाला. त्याच वर्षी काही शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या मुंग्यांचा अंदाज प्रसिद्ध केला: सुमारे २०,००० लाख कोटी. भागाकार केला तर माणशी २५ लाख मुंग्या येतात. वाघांचा भागाकार उलटा करावा लागतो. एका वाघामागे पावणेचार लाखांहून जास्त भारतीय, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यांतले निम्मे एकाच पाणवठ्यावर जिप्सी लावून उभे. माझ्या वाट्याच्या २५ लाखांपैकी बऱ्याच जणी आमच्या ओट्यावरच राहतात. परमिट नको, गाइड नको. साखरेचा डबा उघडा राहिला की झालं, आणि तो राहतोच.

छंदाचं भांडवल नवऱ्याच्या कपाटातून निघालं. त्याची ती मोठी लेन्स मला निरुपयोगी होती, कारण दोन-अडीच मीटरच्या आतलं तिला दिसतच नाही. उद्या वाघ प्रेमाने जवळ आला तर फोटोसाठी ह्यालाच मागे सरकावं लागेल. पण कपाटाच्या तळाशी ५० मिलिमीटरची एक जुनी लेन्स धूळ खात पडली होती. छिद्र लहान-मोठं करायची कडी अंगावरच असलेली, म्हणजे कॅमेऱ्याने वीज पुरवली नाही तरी तिचं अडत नव्हतं. अशी लेन्स उलटी करून कॅमेऱ्याला लावली की ती जवळचं बघू लागते. त्यासाठी रिव्हर्स रिंग नावाची एक चकती मिळते, काही शे रुपयांत. उलट्या ५० मिलिमीटरने किडा सेन्सरवर जवळपास स्वतःच्या खऱ्या मापाचा उमटतो. याला या छंदातले लोक 'वन इज टू वन' म्हणतात. ऐकायला त्यात विशेष काही वाटत नाही. पण माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर. ५ मिलिमीटरची मुंगी त्याचा सातवा हिस्सा अडवते, आणि तोच फोटो घरच्या टीव्हीवर लावला की ती चिचुंद्रीएवढी होते. हा प्रयोग सासूबाईंच्या मालिकेच्या वेळेत करू नये.

नवऱ्याने माझा कॅमेरा पाहिला.

"अगं, लेन्स उलटी लागलीय."

"हो."

"उलटी?"

"हो. मुद्दाम."

तो बराच वेळ त्या लेन्सकडे बघत राहिला. इंजिनिअर माणूस. त्याने आयुष्यभर सुलट लावण्यात घातलेले पैसे त्याच्या डोळ्यांसमोरून जात असावेत. मी काही बोलले नाही. संसार टिकवायचा असतो.

पुढची पायरी एक्स्टेन्शन ट्यूबची. ही कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसते. दुकानात मी ती हातात घेतली, डोळ्याला लावली, पलीकडे दुकानदाराचा चेहरा दिसला.

"यातली काच पडलीय वाटतं."

"काच नसतेच, मॅडम. पोकळच असते. लेन्सला पुढे ढकलायचं, एवढंच तिचं काम."

म्हणजे रोख पैसे मोजून मी पोकळी विकत घेत होते, आणि ती तीन वेगवेगळ्या लांबीत उपलब्ध होती. पण भौतिकशास्त्र दुकानदाराच्या बाजूने आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला ५० मिलिमीटर पोकळी जोडली की वन इज टू वन. बदल्यात सेन्सरवर पोचणारा उजेड चौथाईवर येतो, कारण पोकळीलाही तिचं कमिशन लागतं. मोबाइलला चिमट्याने लावायची भिंगंही मिळतात. छंद आपल्याला सोसतो का, हे बघायला ती चांगली. आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नसतं त्यांच्यासाठी खरीखुरी मॅक्रो लेन्स असते, सगळी करामत पोटात घेतलेली. तिची किंमत ऐकून मी दुकानदाराला विचारलं, यात किडेपण येतात का.

उपकरणं जमली की खरी अडचण सुरू होते. वन इज टू वनवर छिद्र एफ ११ पर्यंत लहान केलं, तरी स्पष्ट दिसणारा थर जेमतेम दीड मिलिमीटरच्या आत असतो. मुंगीचा डोळा साधला तर पोट धुक्यात. पोट साधलं तर फोटो कुणाचा तेच कळत नाही. छिद्र आणखी बारीक करत गेलं तर प्रकाशच त्या भोकाच्या कडांवरून पसरायला लागतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. ऑटोफोकस असला तर तो बिचारा पुढे-मागे घरघरत राहतो, तेवढ्यात मुंगी डब्याच्या पलीकडच्या बाजूला गेलेली असते. म्हणून तो बंद करायचा, लेन्सवरची फोकसची कडीही फिरवायची नाही. अंतर एकदा ठरवून घ्यायचं, मग कॅमेऱ्यासकट आपणच केसभर पुढे, केसभर मागे होत राहायचं आणि डोळा चमकला की त्या क्षणी बटण दाबायचं. श्वास रोखून. ओट्यापाशी गुडघे टेकून माझं हे चाललेलं सासूबाईंनी दारातून पाहिलं आणि नवऱ्याला हलक्या आवाजात विचारलं, "हिच्या अंगात येतंय का रे?"

डोक्यापासून पोटापर्यंत सबंध किडा लख्ख हवा असेल, तर थोडा-थोडा सरकत अनेक फोटो काढायचे आणि संगणकावर त्यांचे स्पष्ट तेवढे थर एकत्र जोडायचे. या शाखेचा कळस म्हणजे लेव्हन बिस हा इंग्रज फोटोग्राफर. २०१६ साली ऑक्सफर्डच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात त्याचं प्रदर्शन भरलं होतं. एकेका किड्यासाठी आठ-आठ हजार फोटो, आणि छापलेला किडा माणसापेक्षा मोठा. पण त्याचे किडे संग्रहालयातले होते, टाचणीवर कायमचे स्थिरावलेले. माझी मुंगी जिवंत आहे आणि तिला कामं आहेत.

उजेडाचं म्हणाल, तर तो फ्लॅशमधून काढावा लागतो. कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा असतो, त्यामुळे मुंगी आणि माझा हात, दोघांचीही धावपळ थांबते. पण उघडा फ्लॅश मारला तर किडा चेहऱ्यावर पावडर थापून आल्यासारखा पांढराफट्ट दिसतो. मग डिफ्यूजर करायचा. इथे मराठी घराला तोड नाही. दुधाची धुऊन वाळवलेली पिशवी, लग्नपत्रिकेतला ट्रेसिंग पेपर, वाढदिवसाच्या केकचं खोकं, खळ आणि चिकटपट्टी. नवऱ्याच्या लेन्सला छद्मवेशी जंगली आवरण आहे, माझ्या फ्लॅशवर 'फुल क्रीम' लिहिलेलं आहे. भुंग्याच्या चकचकीत पाठीवर आपल्या उजेडाचं प्रतिबिंब उमटतं, म्हणून एवढा खटाटोप. माझ्या एका भुंग्याच्या पाठीवर, जरा मोठं करून पाहिलं, तर पिशवीची एक्स्पायरी डेटसुद्धा सापडेल असा नवऱ्याचा दावा आहे.

घरातलं सगळ्यांत मानी गिऱ्हाईक म्हणजे माशी. लुकलुकणारा दिवा सेकंदाला साठेकदा लुकलुकला की माणसाला तो सलग दिसायला लागतो. माशीला तो अडीचशेच्या आसपास जाईपर्यंत लुकलुकतानाच दिसतो. म्हणजे मी ज्याला दबक्या पावलांनी जाणं म्हणते, तो तिच्या लेखी संथपणे चाललेला आणि पुरेसा ओळखीचा प्रयोग असणार. गंमत अशी, की हीच माशी आमरसाच्या वाटीवरून दहादा हाकलली तरी परत येते. तिला 'बस गं, बस जरा' म्हणून पाहा. वर्षानुवर्षं तिच्यावर वर्तमानपत्राची घडी उगारलेली बाई आज हात जोडून पुढे आलीय, यामागे काहीतरी डाव असणार, एवढी अक्कल तिला आहे.

उडी मारणारा कोळी मात्र सभ्य गृहस्थ. खिडकीच्या चौकटीवर असतो, जाळं विणत नाही, टपून शिकार करतो. त्याच्याजवळ लेन्स नेली की पळण्याआधी तो वळतो आणि आपल्याकडे बघतो. आठ डोळे असतात, पैकी पुढचे दोन एवढे मोठे, की फोटो काढणाऱ्यालाच केस नीट करावेसे वाटतात. खंडोबाच्या घोड्याचं वेगळंच. त्याच्या हिरव्या डोळ्यात एक काळा ठिपका असतो आणि आपण डावीकडे गेलो की तो डावीकडे येतो, उजवीकडे गेलो की उजवीकडे. ती बाहुली नव्हे. त्याच्या संयुक्त डोळ्यातले जे छोटे डोळे नेमके आपल्याकडे रोखलेले असतात ते प्रकाश गिळून टाकतात, म्हणून आपल्याला काळे दिसतात. हे सगळं ठाऊक असूनही त्याच्यासमोर मी अजून सरळ उभी राहू शकलेले नाही. आमच्या गणिताच्या बाई अशाच बघायच्या.

गॅलरीतला कढीपत्ता सासूबाईंचा. त्याच्या पानावर एक दिवस चिमणीची विष्ठा दिसली आणि ती चालायला लागली. लिंबाच्या फुलपाखराची अळी लहानपणी हे सोंग घेते. पक्षी आपलीच घाण कशाला खाईल, हा तिचा हिशेब. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून दोन फाट्यांचं नारिंगी शिंग काढून उग्र वास सोडते. सासूबाईंनी पहिल्या दिवशी "काढून टाक ती घाण" म्हटलं. मी फोटो दाखवला. दुसऱ्या दिवशीपासून त्या पानांचा हिशेब ठेवायला लागल्या. "कालपासून आख्खी डहाळी संपवलीन. आमच्या वेळी बाळंतिणीलासुद्धा एवढं वाढत नव्हते." तक्रार रोजची, पण फोडणीला कढीपत्ता मात्र भाजीवालीकडून यायला लागला. आमचा कुणी तोडायचा नाही, ती खातेय.

खरं फोटोग्राफीचं मैदान म्हणजे वेताळ टेकडी, तेही उजाडता उजाडता. किड्यांच्या अंगाची ऊब बाहेरच्या हवेवर चालते, त्यामुळे पहाटेच्या गारव्यात ते जागेवर थिजलेले असतात, अंगावर दव घेऊन. ऊन तापलं की कोणी ऐकत नाही. चतुरांची एक चांगली सवय मात्र लक्षात ठेवावी. काडीवरून उडाला म्हणून हलायचं नाही, बरेचसे चतुर चक्कर मारून त्याच काडीवर येतात. अडचण चतुरांची नसते, फिरायला येणाऱ्यांची असते. गवतात पालथी पडलेली बाई दिसली की पुणेकर थांबतो.

"काय हरवलंय?"

"काही नाही."

"चावी का?"

"नाही हो, फोटो काढतेय."

"कशाचा?"

"टाचणीचा."

"अरेरे. सोन्याची होती?"

टाचणी हा चतुराचाच सडपातळ भाऊबंद असतो हे सांगेपर्यंत चार जण ओणवे होऊन गवत धुंडाळायला लागलेले असतात आणि टाचणी केव्हाच पाषाणच्या दिशेने गेलेली असते. एक आजोबा मात्र धोरणी निघाले. त्यांनी लांबूनच काठी उंचावून विचारलं, "बिबट्या आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा दिसली, ती फक्त वाघवाल्याच्या घरात राहणाऱ्यालाच ओळखू येते.

एवढ्या पहाटे उठायचं नसेल, तर किडा डबीत घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, असा सल्ला देणारे महाभाग भेटतात. मला तो फोटो फोटो वाटत नाही. बिनशुद्धीतल्या माणसाचा पासपोर्ट फोटो काढण्यातला तो प्रकार आहे. शिवाय आमच्या फ्रिजमध्ये कुठल्या कप्प्यात काय ठेवायचं हे सासूबाई ठरवतात. पण ही लबाडी जुनी आहे. १६६५ साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेल्या चित्रांचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. उवा-पिसवांची चित्रं झाली, मुंगी ऐकेना. पाय चिकटवले तर अंग वळवी, मारली तर आक्रसून जाई. शेवटी हूकने तिला ब्रँडीत बुडवलं. ती झिंगून निपचित पडली, त्याने निवांत चित्र काढलं, आणि तासाभराने बाईसाहेब एकदम उठून चालायला लागल्या. मॉडेलला मद्य पाजून काम उरकण्याची प्रथा किती पुरातन आहे, एवढं यावरून कळतं.

फुलपाखरांना राजमान्यता आहे. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपला नीलवंत, राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केला. राज्य फुलपाखरू असणारं हे देशातलं पहिलं राज्य. पतंगांना असं काही नाही, त्यांना दिवाच पुरतो. जुलैच्या अखेरीस जगभरचे हौशी लोक पतंगांचा सप्ताह पाळतात. आपल्याकडे तो बरोबर धो-धो पावसात येतो. एका उघडीप मिळालेल्या रात्री मी गच्चीवर सासऱ्यांचं जुनं धोतर ताणून बांधलं आणि त्यावर झगझगीत दिवा सोडला. अर्ध्या तासात सोसायटी सतरंज्या घेऊन वर आली. एका काकूंनी दाणे भाजून आणले होते. "कुठला लावताय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येतीलच आता एकेक. ते आले. तपकिरी, पोपटी, वाळक्या पानाचं सोंग घेतलेले, जेट विमानाच्या बांध्याचे. मुलं धोतराला नाक लावून उभी राहिली. मोठी माणसं मध्यंतराची वाट बघून खाली गेली.

या छंदाचा एक दुष्परिणाम म्हणजे माणूस पाय मोजायला लागतो. सहा असतील तर कीटक, आठ असतील तर नाही. आमच्या आत्याबाई मृगाच्या पहिल्या पावसात अंगणात येणाऱ्या मखमली लाल किड्याची आठवण डोळे मिटून सांगत होत्या. मी मध्येच म्हटलं, "तो किडा नाही, आत्या, आठ पायांचा असतो. गोचिडाच्या गोतावळ्यातला." त्या दिवसापासून त्यांचा मला फोन नाही. आणि मोजूनही फसगत टळत नाही. टेकडीवर करवंदीच्या पानावर मी मुंगी म्हणून जिचा पाठलाग केला ती पानाच्या कडेवर थांबून, मिशा हलवत उभी राहिली. फोटो मोठा करून पाहिला तर मिशा कसल्या, पुढचे दोन पाय वर धरलेले. मुंगीचं सोंग घेतलेला कोळी. मुंग्या चवीला वाईट आणि स्वभावाला त्याहून, म्हणून त्यांच्या वेषात वावरलं की कोणी वाटेला जात नाही. वाघाला बघा असलं काही सुचतं का. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, वाघाला गरज नाही. मुद्दा त्याचा बरोबर होता, म्हणून मी विषय बदलला.

परवा सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. मला वाटलं, गच्चीची तक्रार असेल.

"वहिनी, तुमच्याकडे तो कॅमेरा आहे ना, बारक्या वस्तूंचा? लिफ्टच्या डक्टमधल्या झुरळाचा एक फोटो पाहिजे. पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो, आमचं औषध मारून झाल्यावर झुरळं राहतच नाहीत. पुरावा दाखवा म्हणतो."

इतक्या दिवसांत मला मिळालेलं हे पहिलं अधिकृत काम. मी ते जीव ओतून केलं. दुधाची नवी पिशवी लावली, एफ ११ ठेवलं, डक्टपाशी गुडघे टेकले. झुरळाने सहकार्य केलं. मिशीचा एकेक सांधा, पायांवरचे काटे, राजम्याच्या दाण्यासारखे आत वळलेले काळे डोळे, अंगावर पॉलिश केलेल्या सागवानाची झळाळी. सेक्रेटरींनी त्याची ए थ्री आकाराची रंगीत प्रिंट काढून सोसायटीच्या ऑफिसात टेबलामागच्या भिंतीवर लावली. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "रंग किती सुरेख आलाय हो." नवरा मेंटेनन्सचा चेक द्यायला गेला होता, तो जरा जास्तच वेळ तिथे रेंगाळून आला.

पेस्ट कंट्रोलवाला संध्याकाळी आला. सेक्रेटरींनी विजयी मुद्रेने भिंतीकडे बोट दाखवलं. तो जवळ गेला, लांब गेला, पुन्हा जवळ गेला. मग त्याने खिशातून रेटकार्ड काढलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "साहेब, हा साइज आपल्या पॅकेजमध्ये येत नाही. याचा रेट वेगळा पडेल."